बरणीतली बिऱ्हाडं

सकाळी चहाचं आधण ठेवायला ओट्याशी गेले, तर खिडकीतली बरणी जागेवर नव्हती. आदल्या रात्री मामा मुक्कामाला आले होते. शोधली तर गॅलरीत सापडली, केरसुणीच्या शेजारी, भिंतीला टेकवून ठेवलेली. झाकणावर पंचाचं फडकं, दुहेरी घडी करून, सुतळीनं गच्च आवळलेलं. आता गंमत अशी, की झाकण आधीच घट्ट होतं. कडेनं मेण ओतून मीच ते बंद केलं होतं. त्यातून मुंगी आत जायची नाही की थेंब बाहेर यायचा नाही. तरी वरून फडकं. मामा हॉलमध्ये पेपर वाचत बसले होते. विचारलं, तर मान वर न करता म्हणाले, "सैपाकघरात असलं पाणी ठिवू न्हाई." बस्स. पुढे एक शब्द नाही. दुपारच्या एसटीनं ते गावी गेले, मी बरणी परत खिडकीत आणली, पण ते फडकं काही डोक्यातून जाईना. बंद झाकणावर फडकं बांधणारा माणूस नेमका कुणाला अडवत असेल?

बरणी मुळात लोणच्याची. आई होती तोवर मे महिन्यात ती काठोकाठ भरायची. आई गेली आणि लोणचं पाकिटातून यायला लागलं, तशी बरणी माळ्यावर गेली. दिवाळीनंतर माण तालुक्यात मामांच्या गावी गेले होते, तेव्हा देवळामागच्या बारवेत उतरले. आता तिचं पाणी कोणी पीत नाही. नळ आहे, नळाला पाणी नसेल तेव्हा टँकर आहे आणि लग्नकार्यात थंड पाण्याचे जार आहेत. बारवेच्या पायऱ्यांवर गवत माजलंय, कोनाड्यांत पारवे घुमतात. खाली मात्र पाणी होतं, हिरवट आणि इतकं गार की हात घातल्यावर मनगटापर्यंत कळ आली. तिथून कॅनभर पाणी, दोन मुठी गाळ, पाणवनस्पतीच्या काही काड्या आणि त्यांना चिकटून आपोआप आलेल्या गोगलगायी घेतल्या. पुण्याला आल्यावर सगळं बरणीत ओतलं, वर चार बोटं हवा राखली आणि झाकणाला मेण लावलं. आता आत जाणार तो फक्त उजेड. दिवसा वनस्पतींनी ऑक्सिजन करायचा, रात्री सगळ्यांनी मिळून तो वापरायचा, गोगलगायींनी शेवाळ खायचं, त्यांच्या विष्ठेवर जिवाणूंनी जगायचं आणि त्याचं खत पुन्हा वनस्पतींनी घ्यायचं. घरखर्च आतल्या आत भागला पाहिजे. बाहेरून मदत नाही.

कल्पना माझी नाही, हे सांगायला नकोच. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञानं १८५० साली गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा असाच मेळ घालून दाखवला होता. १९६०च्या दशकाच्या अखेरीस हवाई विद्यापीठात क्लेअर फोल्सम यांनी समुद्रातलं पाणी आणि वाळू काचेच्या फ्लास्कमध्ये कायमची बंद केली आणि त्यातले जीव वर्षानुवर्षं टिकले. हाच खेळ मोठ्या प्रमाणावर मांडला तेव्हा मात्र फजिती झाली. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या बायोस्फिअर २ मध्ये १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं आठ माणसं राहिली. जंगल, शेत, छोटा समुद्र, सगळं काचेखाली. आतला ऑक्सिजन उतरत उतरत १४ टक्क्यांच्या आसपास आला, माणसांना जिना चढवेना, शेवटी तो बाहेरून सोडावा लागला. मातीतल्या जिवाणूंनी ऑक्सिजन खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडला होता आणि तो वनस्पतींना मिळण्याआधीच इमारतीच्या काँक्रीटनं गिळला होता. माझ्या बरणीत काँक्रीट नाही आणि माणसंही नाहीत, म्हणून असेल, तिचं बरं चाललंय.

पहिले काही दिवस मात्र ती बघवत नव्हती. पाणी तांदूळ धुतल्यासारखं पांढुरकं झालं, एक काडी काळी पडून कुजली, एक गोगलगाय तळाशी उलटी पडली. मग एका सकाळी पाणी अचानक निवळलं आणि मागच्या घराची बाल्कनी बरणीतून आरपार दिसायला लागली. त्या स्वच्छ पाण्यात ठिपके हलत होते.

बरणीत कोणीतरी आहे, हे कळायला वेळ लागला नाही. कोण आहे, हे कळायला फार लागला.

कारण सगळे ठिपकेच. मिलिमीटरभराचे, काही त्याच्या निम्मे. मोबाइलवर फोटो काढला तर पांढरी धूळ दिसते. भिंग लावलं तर बरणीच्या गोल काचेमुळे ठिपका वाकडा होतो आणि नीट दिसतोय असं वाटेपर्यंत भिंगाबाहेर जातो. मग हळूहळू एक युक्ती जमली. बरणीमागे काळा कार्डशीट लावायचा, त्याच्या कडेला आलेख कागदाची पट्टी चिकटवायची म्हणजे मिलिमीटर मोजता येतात, विजेरी समोरून न धरता बाजूनं मारायची आणि फोटो न काढता व्हिडिओ काढायचा, तोही संथ गतीचा. काळ्यावर उजळलेले जीव तरंगायला लागले की घरातले दिवे घालवून तासन्‌तास बसावंसं वाटतं. फोटोपेक्षा व्हिडिओ का, हे बसल्यावरच उमगतं. मामांच्या गावी माळावरून लांबून येणारा माणूस तोंड दिसण्याच्या कितीतरी आधी ओळखला जातो. हा पाय ओढतो म्हणजे अमका, हा हात मागे बांधून चालतो म्हणजे तमका. बरणीतही तसंच आहे. तोंडं दिसतच नाहीत, चाली दिसतात.

एक होता तो टुणकन उडी मारायचा, थांबायचा, पुन्हा उडी, पुन्हा थांबा. जागच्या जागी काही विसरल्यासारखा. दुसरा वरखाली करायचा, दोन हात झटकून वर जायचा आणि हात थकल्यासारखा सावकाश खाली बुडायचा. तिसरा काचेवरून गाळाकडे आणि गाळाकडून काचेकडे असा एकसारखा, न अडखळता लोळत जायचा, कुठेतरी पोचायची घाई असल्यासारखा. चौथ्याला पाय नाहीत, पंख नाहीत, हालचाल म्हणावी अशी काही नाही, तरी तो काचेवरून सरकतोय. हा चौथा लगेच कळला. डोकं बाणाच्या टोकासारखं त्रिकोणी, त्यावर दोन तिरळे डोळे. प्लॅनेरिया. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं, कापला तर दोन्ही तुकडे पुन्हा पूर्ण होतात असं खाली लिहिलेलं, आणि परीक्षेला हमखास यायचा. एवढ्या वर्षांनी तो जिवंत भेटला, तेव्हा ओळखीचं असूनही कधी न बोललेलं माणूस भेटल्यावर होतं तसं अवघडल्यासारखं झालं.

लोळत जाणारा म्हणजे ऑस्ट्राकॉड. याच्याइतका दुर्लक्षित प्राणी बरणीत दुसरा नाही, आणि माझ्या मते याच्याइतका मजेशीरही नाही. शिंपल्यासारखी दोन झडपं, चुन्याची, त्यांच्या फटीतून बाहेर येऊन भराभर हलणारे पाय. बरणीवर टिचकी मारली की झडपं मिटतात आणि तो तत्क्षणी दगडासारखा खाली पडतो. दोन-चार सेकंद शांतता. मग फट किलकिली होते, एक मिशी बाहेर येते, अंदाज घेते आणि स्वारी पुन्हा निघते. या चुन्याच्या झडपांमुळे त्यांचे जीवाश्म फार चांगले टिकतात. ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतही ते सापडतात, आणि जमिनीखाली तेल शोधणारे लोक खडकाचं वय ठरवायला त्यांचा उपयोग करतात. २०२० साली म्यानमारमधल्या सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरमध्ये, म्हणजे गोठलेल्या डिंकात, एका ऑस्ट्राकॉड मादीच्या पोटात शुक्रपेशी सापडल्या. त्यांची लांबी ऐकून मी बातमी दोनदा वाचली. काही जातींत नराची शुक्रपेशी त्याच्या स्वतःच्या शरीरापेक्षा लांब असते, गुंडाळून ठेवलेली. निसर्गाला कुठे काय सुचेल, सांगता येत नाही. माणमधली बारव उन्हाळ्यात कधीमधी आटते, तळ फुटून भेगा पडतात, तेव्हा या मंडळींची अंडी त्या मातीत कोरडी पडून राहतात. पाऊस आला की बिऱ्हाड पुन्हा मांडलेलं.

वरखाली करणारी ती पाणपिसू, डॅफ्निया. हिचं सगळंच उघड्यावर. अंग काचेसारखं पारदर्शक, आत हिरव्या शेवाळानं भरलेलं वळणदार आतडं आणि मानेच्या मागे धडधडणारं हृदय. ते इतकं जलद चालतं, की संथ गतीच्या व्हिडिओशिवाय ठोके वेगळे दिसत नाहीत. पाठीवरच्या पिशवीत पिल्लं असतात, तीही दिसतात, त्यांचे काळे डोळेसुद्धा. एरवी सगळ्या माद्याच, नराविना पोरी जन्माला घालणाऱ्या. या इवल्याशा जिवाचा जनुकसंच २०११ मध्ये वाचून झाला, तेव्हा त्यात सुमारे ३१,००० जनुकं निघाली. माणसाची विसेक हजार. तिला इतकी कशाला लागतात, असं मनात येतं खरं, पण पाणी तापलं, आटलं, सडलं, शिकारी आला, तरी तिला तिथल्या तिथेच निभवायचं असतं. आपल्याला निदान पुण्याला येता येतं.

माझ्या बरणीत डॅफ्नियांची आधी झुंबड उडाली आणि मग एकेक करून त्या दिसेनाशा झाल्या. बंद बरणीत बहुधा असंच होतं म्हणतात. पाण्यातलं तरंगतं शेवाळ त्या फस्त करतात आणि मग खायला उरत नाही. शेवटी शेवटी काहींच्या पाठीवर काळसर डाग दिसायला लागला होता, घोड्याच्या खोगिराच्या आकाराचा. वाईट दिवस आले की त्यांच्यात नर जन्मतात, आणि मग ही जाड कवचाची पेटी तयार होते. आत फक्त दोन अंडी. आई मरते, पेटी सुटते. बरणीत पाण्याच्या रेषेवर काचेला चिकटलेले बारीक काळे कण आहेत ना, ते हेच. पाहुण्यांना वाटतं बरणी घासायला झालीय.

काचेला चिकटून लोंबकळणारा हायड्रा तर मी कितीतरी दिवस वनस्पतीचा तुटका धागा म्हणूनच पाहत असणार, कारण तो दिसला तेव्हा चांगला सेंटिमीटरभर होता आणि त्याच्या कमरेला एक पोर फुटलेलं होतं. हा प्रश्न माझ्याआधी अब्राहम ट्रेंब्ली यांनाही पडला होता. १७४० साली ते नेदरलँड्समध्ये हेगजवळ एका सरदाराच्या दोन मुलांना शिकवायला होते. डबक्यातल्या वनस्पती काचेच्या भांड्यात घालून खिडकीत ठेवायचे. त्यात हे हिरवे धागे दिसले. वनस्पती की प्राणी? भांडं फिरवलं, तर सगळे हळूहळू पुन्हा उजेडाच्या बाजूला जमायचे. मग त्यांनी एक कापला. वनस्पती असेल तर दोन्ही तुकडे वाढतील, प्राणी असेल तर मरेल, असा साधा हिशोब. दोन्ही तुकडे वाढले, दोघांना तोंडं आली आणि दोघंही शिकार पकडून खायला लागले. १७४४ साली त्यांचं पुस्तक आलं तेव्हा युरोपभर खळबळ उडाली. शिकवणीच्या मास्तरांनी खिडकीतल्या भांड्यातून केवढा गोंधळ उडवून दिला! त्याच्याही आधी, १६७४ मध्ये, त्याच देशातल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हनहूक नावाच्या कापड-व्यापाऱ्यानं तळ्यातल्या पाण्याचा थेंब भिंगाखाली धरला आणि त्यात हलणारे जीव पाहिले. कापडाचे धागे तपासायला भिंग वापरण्याचा त्या धंद्यात रिवाजच होता. कापड आणि पाण्यातले जीव यांची गाठ तेव्हापासूनची आहे म्हणायची. ती आमच्या घरात कशी येऊन पोचली, ते पुढे.

राहिला तो टुणकन उडी मारणारा. त्याला ओळखायला सगळ्यात सोपं, कारण त्याच्या मादीला शेपटीच्या दोन्ही अंगांना अंड्यांच्या दोन पिशव्या लटकलेल्या असतात. आठवडी बाजारातून दोन हातांत पिशव्या घेऊन निघालेल्या बाईसारखी चाल. कपाळाच्या मधोमध एकच लालसर डोळा. ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसावरून याचं नाव सायक्लॉप्स. मला याची ओळख पटली त्या रात्री इतका आनंद झाला, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. घरात सगळे झोपलेले. मामा उशिरापर्यंत जागतात हे माहीत होतं, त्यांना फोन लावला. बारवेतल्या पाण्यातच मिळालं म्हटलं, एक डोळा आणि शेपटीला दोन पिशव्या.

पलीकडे गप्प.

मग म्हणाले, "ठावं हाय. नारूची पिसू ती."

मामांच्या डाव्या घोट्यावर एक खड्डा आहे, बोटाचं टोक बसेल एवढा. लहानपणी आम्ही भाचरं त्यात बोट घालून बघायचो. तो कशाचा हे कुणी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मोठ्या माणसांच्या अंगावर असले व्रण असायचेच. त्या रात्री फोनवर त्यांनी सांगितलं. शाळेत असताना त्यांना नारू झाला होता, घरातल्या आणखी दोघांनाही. आधी घोट्यावर फोड, मग त्यात निखारा ठेवल्यासारखी आग. पोरं धावत बारवेच्या पायऱ्या उतरून पाय पाण्यात सोडून बसायची. तेवढं बरं वाटायचं. फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्याचं टोक डोकवायचं. ते हलकेच काडीला गुंडाळायचं, उद्या आणखी बोटभर, परवा आणखी बोटभर. ओढून चालत नाही. "तुटला की पाय कुजायचा. ज्येष्ठात पेरण्या, अन् निम्मं गाव काडी धरून बसलेलं."

बाकीचं मी नंतर वाचलं आणि प्रत्येक वाक्याला ती पायरी दिसत राहिली. नारू हा जंत. फोडातून पाण्यात त्याची मादी हजारो पिल्लं सोडते. ती पिल्लं सायक्लॉप्स खातो. तो सायक्लॉप्स पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातो आणि विरघळतो, पण आतली अळी जगते, आतडं भेदून अंगात शिरते आणि वर्षभरात जवळजवळ मीटरभर लांब होऊन बहुधा पायावाटे बाहेर पडते. औषध नाही, लस नाही, तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. उपाय काय, तर विहिरीत पाय घालू न देणं आणि पाणी गाळून पिणं. १९८३-८४ मध्ये भारतात राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पायऱ्यांच्या विहिरी बुजवल्या किंवा वर रहाट बसवून त्यांचे आड केले, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं औषध टाकलं, गावोगाव माणसं फिरली. मामा सांगतात, आरोग्यखात्याचा माणूस चावडीसमोर बाटलीत बारवेचं पाणी उन्हाकडे धरून दाखवायचा आणि म्हणायचा, ही बघा, ही उडतीय ती. आणि मग घागरीच्या तोंडावर फडकं कसं बांधायचं ते करून दाखवायचा. दुहेरी घडी. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात आढळला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. १९८६ च्या सुमारास जगात वर्षाला ३५ लाख लोकांना होणारा हा रोग आता वर्षाला पंधराच्या आतबाहेर माणसांना होतो, तोही आफ्रिकेतल्या मोजक्या देशांत. इतका भयंकर रोग कापडाच्या तुकड्यानं हरला, याचं आपल्याकडे कौतुक म्हणावं तेवढं झालं नाही. ज्यांच्या घरी झाला त्यांनी व्रण झाकले आणि बाकीचे विसरले.

तर ते फडकं असं होतं. झाकण बंद आहे की उघडं, हा प्रश्नच नव्हता. ते पाणी, ती उडी, आणि हातांना झालेली सवय.

हे कळल्यावर बरणीकडे पाहणं काही काळ जड गेलं. नारू नाहीसा झाला म्हणजे माझ्या बरणीतला सायक्लॉप्स आता काहीच वाहून नेत नाही. तो निव्वळ सायक्लॉप्स आहे, शेवाळ आणि आपल्याहून लहान जीव खाणारा. हे मला पटतं, तसं मी मामांनाही सांगितलं, आणि त्यांना ते माहीत होतं. माहीत असणं वेगळं. मी ज्याला संथ गतीत पुन्हा पुन्हा बघून खूश होते, त्याच्यामुळे त्यांची शाळेची दोन वर्षं बुडाली होती. त्यांच्या रागापुढे माझा आनंद उथळ वाटायला लागला. मग मी, आपण अशा वेळी करतो तसं, त्या बिचाऱ्याच्या बाजूनं पुरावे गोळा करायला लागले. मिळालेही. व्हिएतनाममध्ये मेसोसायक्लॉप्स हे याचे भाऊबंद मुद्दाम पाण्याच्या टाक्यांत सोडतात. ते डेंग्यूच्या डासांच्या नुकत्या जन्मलेल्या अळ्या खातात आणि त्यानं तिथल्या कितीतरी गावांतला डेंग्यू आटोक्यात आला. पण लगेच उलटा पुरावाही हाती आला. बांगलादेशात रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना जुनी सुती साडी चार-आठ पदरी करून तिच्यातून पाणी गाळायला सांगितलं, कारण पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जिवाणू याच्याच जातभाईंच्या अंगावर चिकटून राहतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले. म्हणजे पुन्हा फडकंच. वकिली तिथेच सोडली.

गौरी-गणपतीला मामा पुन्हा आले. बरणी मी आधीच हॉलमध्ये आणून ठेवली होती. स्वयंपाकघरातला त्यांचा नियम मला मान्य होता. पहिल्या दिवशी त्यांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर चष्म्यावर भिंग धरून बसले. काळा कागद, बाजूनं विजेरी, सगळी तयारी मी करून दिली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एक सायक्लॉप्स उड्या मारत हायड्राच्या हातांच्या टप्प्यात आला. हायड्राचे हात म्हणजे अंगाच्या दुप्पट लांबीचे पसरलेले धागे आणि त्यांत विषाच्या सूक्ष्म कुप्या. एका धाग्याला नुसता स्पर्श झाला. सायक्लॉप्स तडफडला, एकदा, दोनदा, आणि थिजला. बाकीचे हात सावकाश वळून आले, त्याला आत ओढत नेलं, हायड्राचं तोंड रुंदावत गेलं आणि पाच-दहा मिनिटांत त्याच्या पारदर्शक अंगात फुगीर गाठ दिसायला लागली. गाठीत एक लाल ठिपका. मामांनी भिंग खाली ठेवलं नाही.

"खा लेका," म्हणाले. "आणखी दोन हायत बघ डावीकडं."

त्यानंतर गणपती उठेपर्यंत ते रोज बसायचे. हायड्राचं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी पाठ केलं. सायक्लॉप्सला मात्र शेवटपर्यंत "ती" म्हणायचे. गंमत म्हणजे तिसऱ्या की चौथ्या दिवशी दोन पिशव्यांवाली एक मादी हायड्राच्या हातातून कशीबशी सुटली, तर मला हाक मारून दाखवायला बोलावलं, आणि त्या हाकेत राग नव्हता. काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही.

या सगळ्यात माझी एक जुनी हौस राहूनच गेली होती. सायक्लॉप्स हे झालं घराणं. तो नेमका कुठला? ओळखीच्या एक मॅडम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होत्या, त्यांना व्हिडिओ पाठवला. मॅडम जुन्या वळणाच्या, पुण्याच्या. त्यांना आघारकरांचा फार अभिमान. शंकर पुरुषोत्तम आघारकर मूळचे मालवणचे. तरुणपणी सह्याद्रीत फिरताना त्यांना गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. तोवर ती आफ्रिकेत असते एवढंच ठाऊक होतं. १९१२ मध्ये 'नेचर'मध्ये त्यावर लिहून आलं. पुढे ते वनस्पतिशास्त्राकडे वळले आणि १९४६ साली त्यांनी पुण्यात जी संस्था काढली ती आज त्यांच्या नावानं ओळखली जाते. ती आहे मात्र आगरकर रस्त्यावर, त्यामुळे निम्म्या पुण्याला दोघं एकच वाटतात, अशी मॅडमची ठरलेली तक्रार असते. हे सगळं सांगून झाल्यावर त्या मुद्द्यावर आल्या. चालीवरून आणि पिशव्यांवरून मेसोसायक्लॉप्स वाटतोय. पण जात सांगायची तर पाचवा पाय बघावा लागेल.

पाचवा पाय म्हणजे पोटाखाली दडलेला, निरुपयोगी झालेला, मिलिमीटरचा अगदी बारीक अंश असलेला अवयव. तो बघायचा तर जीव अल्कोहोलमध्ये टाकायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली दोन सुयांनी त्याचे पाय एकेक करून सुटे करायचे, ग्लिसरीनच्या थेंबात काचपट्टीवर मांडायचे आणि त्यावरचे काटे मोजायचे. ऑस्ट्राकॉडचंही तेच, झडपं उघडून आतलं शरीर वेगळं काढायचं. नुसत्या कवचावरून भल्याभल्यांची फसगत होते. घराण्यापर्यंतचं नाव बघून मिळतं, पुढचं मारून. मॅडमनी माझा आवाज ऐकून ओळखलं असावं, कारण त्या लगेच म्हणाल्या, अगं मारू नकोस, मेलेला असेल तो आणून दे.

आता पंचाईत अशी, की या बरणीत मेलेलं काही राहतच नाही. जी गोगलगाय पहिल्या दिवसांत उलटी पडली होती, तिच्यावर ऑस्ट्राकॉड असे तुटून पडले की शंख दिसेना. दोन दिवसांत शंख आतून धुतल्यासारखा रिकामा झाला. तिथे मिलिमीटरभर सायक्लॉप्सचा काय पाड! तो मरताना मी एकदा पाहिलाय. बुडत बुडत गाळावर टेकला, आणि मी विजेरीचे सेल बदलून येईपर्यंत तिथे चार जण जमले होते. शिवाय तो काढायचा तर झाकण उघडायला हवं, आणि झाकण उघडलं की बायोस्फिअरवाल्यांची आणि माझी प्रतिष्ठा सारखीच.

मॅडमना तसं कळवलं. त्या हसल्या आणि त्यांच्याकडच्या एका काचपट्टीचा फोटो पाठवला. कुठल्याशा तळ्यातल्या मेसोसायक्लॉप्सचा पाचवा पाय, फिकट निळ्या रंगात, टोकाला काटे. फार सुरेख होता, खोटं का बोला. माझ्या वहीत 'मेसोसायक्लॉप्स' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह दिलंय. ऑस्ट्राकॉडच्या तीन जाती असाव्यात, त्यांची नोंद 'मोठा हिरवा', 'ठिपक्यांचा' आणि 'घाईतला' अशी आहे. मॅडम याला शास्त्र म्हणत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. परवा घाईतल्यांच्या गर्दीत एक त्याहून लहान, जांभळट झाक असलेला दिसला. तो चौथा की कुणाचं तरी पोर, हे अजून ठरत नाही.